रिपोर्टमधला पांढरा ठिपका

20व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात पांढरा ठिपका दिसला. डॉक्टर म्हणाल्या, "बहुधा काही नाही, पण बघू." त्या 'पण'नं माझी झोप उडवली.

तुमच्यावर ही वेळ आली, तर रिपोर्टमधला शब्द आधी जसाच्या तसा लिहून घ्या. मग विचारा: ही खूण एकटीच आहे की सोबत आणखी काही? आधीच्या रक्ततपासणीत बाळाला डाऊन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा दोष असण्याचा धोका किती निघाला होता? ठिपका एकटाच आणि रक्ततपासणी चांगली, तर तो बहुतेकदा निरुपद्रवी असतो. हृदयाचा आजार नव्हे. एनआयपीटी, म्हणजे अशा दोषांसाठीची चाचणी, आईच्या रक्तावर होते, पण ती नुसती चाळणी. पक्कं निदान गर्भजल तपासणीत. रात्री दोनला मोबाइलवर शोधू नका. (मी शोधलं. शेवटी नवऱ्यानं फोन काढून घेतला.)