केमोनंतर स्तनाचं ऑपरेशन: आधीचे चार आठवडे, नंतरचे सहा

चौथ्या-पाचव्या केमोनंतर अनेकींची गाठ हाताला लागेनाशी होते. मग घरात बोलणं सुरू होतं, गाठ तर विरघळली, आता कापाकापी कशाला? इथेच सगळ्यात मोठी चूक होते. गाठ हाताला लागत नाही म्हणजे कॅन्सरच्या पेशी संपल्या असं नाही. केमोने गाठ दर वेळी कडेने आक्रसत जातेच असं नाही. कधी ती अधूनमधून विरते आणि पेशींचे बारीक पुंजके मागे राहतात. ते सोनोग्राफीतच काय, एमआरआयमध्येही निसटू शकतात. ती जागा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय काय उरलंय ते कळत नाही. म्हणून केमोचा उत्तम परिणाम झाला तरी ऑपरेशन करायचंच.

स्तन वाचवायचा विचार असेल तर केमोआधीच, निदान गाठ दिसतेय तोवर, तिच्यात धातूची बारीकशी क्लिप बसवून घ्यावी लागते. गाठ गायब झाली तर नेमकी कुठली जागा काढायची हे सर्जनला त्या क्लिपवरून समजतं. केमो अजून सुरू असेल तर पुढच्या भेटीत हा प्रश्न आधी विचारा.

तारीख आणि तपासण्या

शेवटच्या केमोनंतर साधारण ३ ते ६ आठवड्यांत ऑपरेशन होतं. त्याआधी पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पुरेशा वर आलेल्या नसतात. ८ आठवड्यांच्या पुढे मात्र जाऊ देऊ नका. पितृपक्ष, घरातलं लग्न, सुगी, मुलांची परीक्षा यांसाठी तारीख पुढे ढकलू नये.

या काळात रक्ताच्या तपासण्या होतात. हिमोग्लोबिन १० च्या आसपास किंवा वर आणि प्लेटलेट १ लाखाच्या वर असलेले बरे. केमोत अॅड्रियामायसिन हे लाल औषध किंवा हर-टू प्रकारच्या कॅन्सरवरचं ट्रास्टुझुमॅब मिळालं असेल तर हृदयाची टू-डी इको पुन्हा करावी लागते, कारण ही औषधं हृदयाचा जोर कमी करू शकतात. केमोसोबत दिलेल्या स्टेरॉइडमुळे कधी मधुमेह नसलेल्यांचीही साखर चढते. ती तपासा, चढलेल्या साखरेत जखम भरायला वेळ लागतो.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता त्यांना सगळं सांगा: कुठली केमो झाली, पायाला मुंग्या आहेत का, दात हलतोय का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. काढे, गुळवेल, 'इम्युनिटी'ची चूर्णंही सांगायची. सहसा ती दोन आठवडे आधी बंद करतात, कारण काहींनी रक्त वाहायचं प्रमाण वाढतं, तर काहींचा भुलीच्या औषधांशी मेळ बसत नाही. बीपी आणि मधुमेहाच्या गोळ्यांपैकी ऑपरेशनच्या सकाळी कुठली घ्यायची आणि कुठली नाही, हे लिहून घ्या.

सर्जनला विचारायचे प्रश्न चारच, पण उत्तरं कागदावर हवीत. पूर्ण स्तन काढणार की फक्त भाग? काखेतल्या दोन-चार गाठी (लसिकाग्रंथी) तपासणार की काख पूर्ण साफ करणार, म्हणजे त्या सगळ्या काढणार? स्तन पुन्हा घडवायचा असेल तर तो याच वेळी की नंतर? आणि पुढे शेक, म्हणजे रेडिएशन, लागणार का? काखेचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं आहे, हाताची पुढची काळजी त्यावर ठरते.

खाणं

केमोने स्नायू झडलेले असतात आणि जखम भरायला प्रथिनं लागतात. दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम धरा. ५५ किलोच्या बाईला हे ६६ ते ८२ ग्रॅम होतं. दोन अंडी १२, दोन वाट्या घट्ट वरण १४, दोन पेले दूध १६, मूठभर शेंगदाणे ७, ५० ग्रॅम पनीर ९, तीन पोळ्या ९. बेरीज ६७. अंडी चालत नसतील तर त्या जागी २५ ग्रॅम कोरडे सोयाबीन वड्यांचे तुकडे भिजवून भाजीत घाला, तेवढंच प्रथिन मिळतं.

अंड्याने, मासळीने किंवा आंबटाने टाके पिकतात ही समजूत सोडून द्या. टाके पिकतात ते जंतूंनी, आणि अर्धपोटी बाईचे लवकर पिकतात. तिला महिनाभर मऊ भात आणि मुगाच्या पाण्यावर ठेवणं म्हणजे जखमेला उपाशी ठेवणं.

आदल्या आठवड्याची तयारी

शिवणकामाच्या टेपने दोन्ही हातांचा घेर मोजा: कोपराच्या १० सेंटिमीटर वर आणि १० सेंटिमीटर खाली. चारही आकडे वहीत तारखेसह लिहा. पुढे हात सुजला की नाही हे या आकड्यांशी ताडूनच कळतं. ऑपरेशननंतर 'आधी किती होता' हे कुणालाच आठवत नाही.

ऑपरेशनच्या बाजूच्या हातातल्या बांगड्या आणि अंगठी घरीच काढा. हात सुजला की त्या निघत नाहीत, कापाव्या लागतात. साबणाचा फेस लावून, अंगठा तळहाताशी दुमडून बांगडी हळूहळू सरकवली की निघते. हात मोकळा ठेवायला मन तयार होत नसेल तर बांगडी रुमालात बांधून पर्समध्ये ठेवा. घरातल्या मोठ्या बायकांनी या वेळी अपशकुनाचा शब्द काढू नये. तिच्या मनावर आधीच पुरेसं ओझं असतं.

पिशवीत पुढून बटणांचे, सैल बाह्यांचे दोन-तीन गाउन ठेवा. डोक्यावरून घालायचा कुठलाही कपडा पहिले दोन आठवडे कामाचा नाही. ड्रेनसाठी गळ्यात अडकवता येईल अशी कापडी झोळी शिवा, काखेखाली ठेवायला छोटी मऊ उशी घ्या. गाडीत सीटबेल्ट आणि छाती यांच्यामध्येही तीच ठेवता येते. नखांवर नेलपॉलिश किंवा मेंदी नको. बोटाला लावायच्या ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्याचा आकडा त्याने चुकू शकतो.

पैशाचा घोर असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी मिळवायची असते, नंतर नाही. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर तिथेच आठवडा जातो. मुंबईला टाटा मेमोरियलला येणाऱ्यांनी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे राहायची चौकशी आधीच करावी. उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो.

ऑपरेशननंतर

काखेच्या गाठी शोधायला निळा रंग वापरला असेल तर एक-दोन दिवस लघवी हिरवट-निळी होते, स्तनाच्या त्वचेवर निळा डाग काही आठवडे राहू शकतो. घाबरायचं कारण नाही. दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा किंवा सुया टोचल्यासारखं वाटतं, कारण काखेतून जाणारी संवेदनेची बारीक नस ताणली किंवा कापली जाते. काहींना तो भाग कायम थोडा बधिर राहतो. म्हणून तिथे गरम पाण्याच्या पिशवीचा शेक कधीच द्यायचा नाही. चटका बसला तरी कळत नाही.

बहुतेकींना काही दिवसांत ड्रेनसकट घरी सोडतात. ड्रेन म्हणजे जखमेत साठणारं पाणी आणि रक्त ओढून घेणारी नळी आणि तिच्या टोकाचा दाबला जाणारा डबा. तो रोज सकाळी ८ आणि रात्री ८ वाजता रिकामा करायचा.

हात साबणाने धुवा. नळीवरची चिमटी बंद करा. डब्याचं झाकण उघडा, आतून बोट लावू नका. पाणी मापाच्या पेल्यात ओता, पेला सपाट जागेवर ठेवून डोळ्यांच्या रेषेत आकडा वाचा. मग डबा पूर्ण दाबा आणि दाबलेला असतानाच झाकण लावा. चिमटी उघडा. डबा चपटा राहिला तर ओढ चालू आहे. लगेच फुगला तर झाकण सैल आहे, नाहीतर नळी शिरते तिथून हवा आत येतेय. डब्यात पाणी किंवा डेटॉल घालून धुऊ नका.

आकडा आणि रंग दोन्ही वहीत लिहा. पहिल्या दिवशी लाल, मग गुलाबी, मग फिकट पिवळं असा क्रम असतो. नळीत गुठळी दिसली तर त्वचेजवळ नळी एका हाताने घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताची बोटं साबणाने ओली करून डब्याच्या दिशेने सरकवा. पहिला हात सोडायचा नाही, नाहीतर नळीच ओढली जाते. २४ तासांचं पाणी सलग दोन दिवस ३० मिलिलिटरच्या खाली आलं की सहसा ड्रेन काढतात. बहुतेकींना यासाठी एक ते दोन आठवडे लागतात. रुग्णालयाचा आकडा वेगळा असेल तर तोच पाळा. कंटाळून लवकर काढायला लावू नका, मग काखेत पाणी साठून फुगवटा येतो आणि सुईने पुन्हापुन्हा काढावं लागतं.

पुढचं काही झालं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात फोन करा: डबा तासाभरात ताज्या लाल रक्ताने भरला, पाणी अचानक बंद होऊन छाती किंवा काख फुगली, घाणेरडा वास किंवा पू आला, १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा दम लागला.

जखमेवर हळद, खोबरेल, पावडर काहीच नको. ड्रेन असेपर्यंत अंग ओल्या फडक्याने पुसा. जखम पहिल्यांदा बघायची वेळ तिलाच ठरवू द्या. काही जणी दुसऱ्याच दिवशी आरसा मागतात, काहींना महिना लागतो. नवऱ्याने किंवा बहिणीने ड्रेसिंगच्या वेळी शेजारी बसावं, तोंड फिरवू नये.

हात

'हात हलवू नकोस, टाके तुटतील.' प्रेमापोटी दिलेला हा सल्ला खांद्याचं वाटोळं करतो. तीन आठवडे शरीराशी चिकटून ठेवलेला खांदा आखडतो, आणि इथे दुसरी अडचण उभी राहते. रेडिएशन घेताना हात डोक्याच्या वर ठेवून निश्चल पडून राहावं लागतं. हात वर जात नसेल तर शेक सुरूच होत नाही.

पहिल्या दिवसापासून मूठ उघड-बंद करा, मनगट फिरवा, कोपर वाका-सरळ करा, खांदे उचलून सोडा. प्रत्येक प्रकार १० वेळा, दिवसातून तीन-चारदा. जेवणासाठी तोच हात वापरा. ड्रेन असेपर्यंत हात खांद्याच्या रेषेपर्यंतच न्या, जास्त वर नेला तर पाणी वाढतं. लगेच स्तन घडवला असेल तर मात्र सर्जन सांगेल तेवढंच.

ड्रेन निघाला की भिंत चढायला लागा. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटं मुंग्यांसारखी वर चालवायची, ताण येईल तिथे पाच मोजेपर्यंत थांबायचं. बोट पोचलं तिथे पेन्सिलीने रेघ आणि तारीख. त्या रेघा वर सरकताना बघून धीर येतो. दुसरा व्यायाम पाठीवर झोपून: छत्री दोन्ही हातांत धरून डोक्यामागे नेणे. व्यायामाच्या अर्धा तास आधी पॅरासिटामॉल घ्यायला डॉक्टरांची हरकत नसते. ताण जाणवला पाहिजे, कळ नाही.

दोन ते आठ आठवड्यांत काहींच्या काखेपासून कोपराकडे सतारीच्या तारेसारखी ताठ दोरी उमटते. ही काखेतल्या बारीक वाहिन्या आखडल्याची खूण आहे. फिजिओकडून हळूहळू ताण दिला की सुटते. स्वतः ओढून तोडू नका आणि हात बांधूनही ठेवू नका.

काख पूर्ण साफ झाली असेल तर पाचातल्या साधारण एकीच्या हाताला पुढे सूज येते, कधी दोन-चार वर्षांनीही. त्या हातावर सुई, रक्ताची तपासणी आणि बीपीचा पट्टा शक्यतो टाळा. विळीवर नारळ खवताना, लसूण सोलताना, शेतात खुरपताना हातमोजा घाला. चिरलंच तर लगेच साबणाने धुऊन मलम लावा. हात अचानक लाल, गरम झाला आणि थंडी वाजली तर त्याच दिवशी अँटिबायोटिक लागतं.

पहिले सहा आठवडे दोन किलोंच्या वर उचलू नका. भरलेली कळशी दहा किलोंच्या घरात जाते. पण जन्मभर त्या हाताने काहीच उचलायचं नाही हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. जोर हळूहळू वाढवला तर हात चांगला राहतो.

रिपोर्ट

काढलेल्या भागाचा रिपोर्ट यायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यात टी (स्तनातली गाठ) आणि एन (काखेतल्या गाठी) यांच्या आधी 'वाय' अक्षर असतं, ते केमोनंतरचं ऑपरेशन असल्याचं दाखवतं. पेशी उरलेल्या नसतील तर उत्तमच. उरल्या असतील तर उपचार हरले असं समजू नका. प्रकारानुसार पुढची औषधं बदलतात: ट्रिपल निगेटिव्हमध्ये (हार्मोन आणि हर-टू दोन्हींच्या तपासण्या निगेटिव्ह) कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, हर-टू पॉझिटिव्हमध्ये (पेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त) टी-डीएम-१ हे इंजेक्शन. हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारा कॅन्सर असेल तर रोजची गोळी पाच वर्षं किंवा जास्त. रिपोर्टच्या दोन प्रती काढा आणि मेणाचे ब्लॉक, म्हणजे काढलेल्या भागाचे मेणात जपलेले तुकडे, रुग्णालयात कुठे ठेवलेत ते विचारून ठेवा.

जखम पूर्ण भरेपर्यंत ब्रेसियरमध्ये कापसाचा किंवा विणलेला हलका पॅडच वापरा. सिलिकॉनचा वजनदार पॅड साधारण सहा-आठ आठवड्यांनी, रेडिएशन असेल तर त्वचा निवल्यावर. एका बाजूचं वजन गेल्याने मान आणि पाठ दुखते, म्हणून योग्य वजनाचा पॅड केवळ दिसण्यासाठी नसतो.

टेपची वही बंद करू नका. दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला त्याच चार जागा मोजा. आधीच्या आकड्यापेक्षा किंवा दुसऱ्या हातापेक्षा २ सेंटिमीटर फरक पडला, किंवा बाही एकाएकी घट्ट वाटू लागली, तर त्याच आठवड्यात फिजिओला दाखवा. सूज मऊ असताना दाबपट्टीने उतरते, घट्ट झाल्यावर फार दाद देत नाही.