धप्प आवाज आला की लँडिंग चुकलं

जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या बडोद्यात मल्लखांब आणि टम्बलिंग (मॅटवरच्या कोलांट्या-उड्या) एकाच संध्याकाळी करणारी मुलं भेटतातच. लँडिंग, म्हणजे उडीनंतर जमिनीवर उतरणं, शिकवण्याआधी त्यांच्या पायांचे तळवे बघावेत. खांबाला चोळलेलं एरंडेल तळव्यांवर राहतं, रेक्झिनच्या मॅटवर पाय सरकतो आणि बोल मात्र उडीला लागतो. बोटांच्या बेचक्यांसकट कोरड्या फडक्याने पुसून मगच मॅटवर.

आता थोडं गणित. ३० किलोचं मूल १ मीटरवरून खाली आलं, की पाय टेकताना वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर असतो. तो किती अंतरात जिरतो, त्यावर दणका ठरतो. पाय ताठ ठेवून अंग १० सेंटिमीटरमध्येच थांबलं तर पायांवर सरासरी ३३० किलोंचा भार येतो, म्हणजे वजनाच्या ११ पट. ४० सेंटिमीटर खाली बसत थांबलं, तर १०५ किलो. हीसुद्धा सरासरीच; क्षणभराचा झटका याहून मोठा असतो.

पाय खुब्यांइतके फाकवून आधी चवडे टेकवावेत, लगोलग टाचा. चवड्यांवरच राहिलं तर सगळा ताण पोटरीवर पडतो. घोटे, गुडघे आणि खुबे एकाच वेळी वाकायला हवेत. फक्त गुडघे वाकले तर तोल मागे जातो. फक्त कंबर वाकली तर हनुवटी गुडघ्यावर आपटते. मांड्या जमिनीला समांतर होण्याआधी थांबावं. आणि मांड्या, पोट हे पाय टेकायच्या आधीच आवळलेले हवेत, टेकल्यावर आवळायला वेळच उरत नाही.

सर्वांत वाईट खोड म्हणजे गुडघे आत पडणं. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला एक महत्त्वाचा अस्थिबंध, फाटतो तो बहुधा असाच. मोबाइल समोरून, गुडघ्याच्या उंचीवर ठेवून स्लो मोशनमध्ये बघा: गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत दिसला पाहिजे.

सरावाला ३० सेंटिमीटरचा ठोकळा पुरतो. वर उडी न मारता नुसतं पाऊल टाकून उतरायचं, २ सेकंद स्थिर राहायचं. पाचपैकी पाचही वेळा आवाज न करता जमलं तरच ४५, मग ६०. जाड मऊ गादीवर हा पाया घालू नये. पाय रुततो, घोटा मुरगळतो. दोन मॅटमधली फटही तितकीच घातक.

मागे तोल गेला तर हात मागे टेकायचा नाही, मनगट किंवा कोपर जातं. हात छातीशी, हनुवटी आत, पाठ गोल करून लोळायचं. जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेत उतरल्यावर टाकलेल्या लहान पावलाला ०.१ गुण जातो, पडल्यावर १. शिकताना मात्र पाऊल खुशाल टाकू द्यावं.

वाढत्या वयातल्या मुलाची टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखत असेल, तर उड्या बंद करून डॉक्टरांना दाखवावं. त्यांनी हरकत घेतली नाही तर मल्लखांबावरच्या पकडी चालू राहू शकतात. फक्त उतरताना उडी न मारता खांब धरून सरकत यायचं.