जुने टुकारपट आणि नवे टुकारपट: गोडी कशी तोलावी

एखादा चित्रपट इतका वाईट असतो की तो पाहताना चक्क मजा येऊ लागते, हा अनुभव बहुतेकांनी घेतलेला आहे. मात्र अशा चित्रपटांत जुन्यांची गोडी अधिक की नव्यांची, हा प्रश्न निघाला की चर्चा लगेच आठवणींवर घसरते. सोलापूर शहरातल्या जुळे सोलापूर भागात दर शनिवारी रात्री आम्ही सहा-सात जण एकत्र बसून टुकारपट पाहतो. पहिले वर्षभर आमचेही हेच होत असे: पन्नाशी ओलांडलेले सदस्य भागवत चित्रमंदिराच्या रांगेत खाल्लेले धक्के आणि पिटातल्या शिट्ट्या आठवून जुन्याला कौल देत, तर त्यांची मुले मोबाइलवर पाहिलेल्या दीड मिनिटाच्या तुकड्याच्या जोरावर नव्याची बाजू लढवत. अशाने काहीच ठरत नाही हे लक्षात आल्यावर आम्ही हळूहळू एक पद्धत बसवली, ती येथे मांडतो.

तुलनेला बसण्यापूर्वी एक चाळणी लावावी. कंटाळवाणा चित्रपट म्हणजे टुकारपट नव्हे. ज्या चित्रपटात करणाऱ्याची हौस त्याच्या ऐपतीपेक्षा किंवा कुवतीपेक्षा कितीतरी मोठी आहे आणि त्या दोहोंमधले अंतर पडद्यावर स्पष्ट दिसते, तोच या खेळात घ्यावा. या चाळणीचा दुसरा फायदा असा की, केवळ आज हसू येते म्हणून एखाद्या चित्रपटावर अन्याय होत नाही. १९९१ च्या ‘माहेरची साडी’ची आजची मुले टिंगल करतात, परंतु त्या चित्रपटाला प्रेक्षकांना रडवायचे होते आणि त्याने महाराष्ट्रभर त्यांना रडवले. आमच्या घरातल्या बायका पदर भिजवूनच परतल्या होत्या. हेतू आणि परिणाम यांत अंतरच नसेल तर तो चित्रपट आवडो वा न आवडो, टुकारपट ठरत नाही.

आता जोडी निवडण्याचा मुद्दा, आणि पद्धतीत सर्वांत महत्त्वाचा हाच आहे. कोणताही जुना आणि कोणताही नवा चित्रपट समोरासमोर ठेवून उपयोग नाही. दोघांची इच्छा एकच हवी. आमच्या हाती लागलेली सर्वांत बोलकी जोडी एकाच दिग्दर्शकाची आहे. राजकुमार कोहली यांनी १९७६ मध्ये ‘नागिन’ केला. त्यात रीना रॉय यांची इच्छाधारी नागीण आपल्या नागाला मारणाऱ्या मित्रांचा एकेक करून सूड घेते. २००२ मध्ये त्यांनीच ‘जानी दुश्मन: एक अनोखी कहानी’ केला. त्यात नाग आपल्या नागिणीसाठी कॉलेजच्या मित्रमंडळींवर सूड उगवतो. मूळ कल्पना जवळपास तीच, सव्वीस वर्षांचे अंतर, आणि दोन्ही वेळा नामवंत नटांची भलीमोठी फौज. पहिल्या चित्रपटात रूपांतर दाखवायचे तर छायाचित्रण आणि संकलन यांच्या जुन्या युक्त्यांवर भागवावे लागे. त्यामुळे नागीण बराच वेळ नजरेआड राहते आणि तिची भीती टिकते. दुसऱ्याच्या वेळी संगणक हाताशी आला होता, त्यामुळे नाग काय वाटेल ते करू शकत होता, आणि तो खरोखरच काय वाटेल ते करतो. अमेरिकी चित्रपटांत नुकत्याच गाजलेल्या गोळ्या चुकवण्याच्या करामती आपल्याकडच्या पौराणिक नागाला शिकवण्याची ती हौस पाहून आमच्याकडे भल्याभल्यांच्या हातातला चहा सांडला आहे.

यांपैकी ‘नागिन’ हा खरे तर टुकारपट नाही. तो आपल्या काळातला यशस्वी, बऱ्यापैकी बांधलेला चित्रपट आहे. तरीही त्याला जोडीत ठेवण्याचे कारण असे की, साधने अपुरी होती तेव्हा हाच दिग्दर्शक कोठे थांबत होता आणि साधने मिळाल्यावर का थांबला नाही, हे त्यावरूनच कळते. मकरसंक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर लहानपणी ज्यांनी तंबूतली, आरशाच्या युक्तीने दाखवलेली नागकन्या पाहिली असेल, त्यांना हे चटकन पटेल: आरसा कोठे बसवला आहे हे शोधण्यात निम्मी मजा असे. संगणकाने केलेल्या नागात शोधायला आरसा नसतो. तेथे गोडी सापडलीच तर ती ‘हे असे करावे असे कोणाला तरी खरोखर वाटले’ या आश्चर्यात सापडते.

माझे मत येथेच सांगून टाकतो. जुन्या टुकारपटात चूक हातांची असते आणि ती दिसते. नव्यात चूक निवडीची असते. अमेरिकी दिग्दर्शक एड वूड यांच्या ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’मध्ये उडत्या तबकड्यांच्या दोऱ्या दिसतात, एकाच प्रसंगात दिवसाची रात्र होते, आणि थडगी हलतात. त्यातील प्रसिद्ध नट बेला लुगोसी ऑगस्ट १९५६ मध्ये वारले, तेव्हा त्यांचे जेमतेम काही मिनिटांचे चित्रण हाती होते. वूड यांनी आपल्या पत्नीवर उपचार करणाऱ्या एका मणकेतज्ज्ञाला झगा घालून, तो तोंडापुढे धरून उभे केले. हा गृहस्थ लुगोसींसारखा दिसत नव्हता, तरीही चित्रपट पूर्ण झाला. उलट, टॉमी वायझो यांच्या २००३ च्या ‘द रूम’ला पैशांची चणचण नव्हती, सुमारे साठ लाख डॉलर खर्चून आणि फिल्म व डिजिटल असे दोन कॅमेरे शेजारी-शेजारी लावून तो चित्रित केला गेला. त्यात नायिकेची आई आपल्याला स्तनाचा कर्करोग झाल्याचे सांगते आणि तो विषय पुन्हा कधीच निघत नाही. ही उणीव कोणत्याही खर्चाने भरून निघाली नसती. लॉस एंजलिसमधल्या पहिल्या दोन आठवड्यांत या चित्रपटाने जेमतेम अठराशे डॉलर मिळवले, आणि पुढे त्याच्या मध्यरात्रीच्या खेळांना प्रेक्षक प्लॅस्टिकचे चमचे घेऊन जाऊ लागले, कारण पडद्यावर चौकटीत बसवलेला चमच्याचा फोटो वारंवार दिसतो. म्हणून वहीत प्रत्येक हास्यास्पद जागेपुढे ‘हात’ किंवा ‘निवड’ असा एकच शब्द लिहावा. चित्रपट संपल्यावर कोणत्या शब्दाची गर्दी झाली ते पाहिले की निम्मे काम होते.

आता जुन्याच्या बाजूने लागणारे फुकटचे गुण कसे वजा करायचे ते पाहू. जुन्या चित्रपटातील बेलबॉटम, ढोलासारखे पार्श्वसंगीत आणि भडक रंग यांवर आपण हसतो, परंतु तो त्या काळाचा सर्वसाधारण पेहराव असतो. त्यात त्या चित्रपटाचे कर्तृत्व काहीच नाही. यासाठी त्याच वर्षाचा एखादा साधा, ना चांगला ना वाईट असा चित्रपट अर्धा तास आधी पाहावा. दोन्हींत सारखे असेल ते वगळावे. उरेल ती खरी गोडी. रामसे बंधूंच्या भयपटांना आम्ही ही कसोटी लावली, तेव्हा निष्कर्ष अनपेक्षित निघाला: १९८४ च्या ‘पुराना मंदिर’मधील गाणी, विनोदी उपकथानक आणि मारामाऱ्या वजा झाल्या, पण धुके, लाल-निळे दिवे आणि अनिरुद्ध अग्रवाल यांनी साकारलेला अजस्र सैतान सामरी शिल्लक राहिला. तो भाग चांगल्यापैकी कारागिरीचा आहे. आमच्या मंडळातील एका सदस्याने त्यानंतर रामसेपटांना टुकारपट म्हणण्यास कायमचा नकार दिला, आणि मला त्याचे म्हणणे खोडता आलेले नाही.

हाच नियम प्रतीलाही लावावा. जुने चित्रपट आज आपण बहुधा कोणीतरी व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेल्या, कडा कापलेल्या, आवाज घोगरा झालेल्या प्रतीवर पाहतो. एखाद्या प्रसंगाचा शेवट अचानक तुटला तर तो संकलकाचा वेंधळेपणा असेल, सेन्सॉरची कात्री असेल किंवा यंत्रचालकाने तुटलेले रीळ जोडताना गाळलेला तुकडा असेल. १९९८ च्या ‘गुंडा’बाबत हे विशेष लक्षात ठेवावे, कारण त्याच्या निरनिराळ्या लांबीच्या प्रती फिरत असतात. नव्या चित्रपटांत अडचण उलटी आहे. २०१९ च्या ‘कॅट्स’मध्ये मांजराच्या अंगाला माणसाचा हात तसाच राहिल्याचे प्रेक्षकांनी पाहिले, तेव्हा चित्रपट चालू असतानाच निर्मात्यांनी सुधारित प्रत चित्रपटगृहांना पाठवली. आपल्याकडे २०२३ च्या ‘आदिपुरुष’चे काही संवाद प्रदर्शनानंतर बदलले गेले. रिळांचे डबे गावोगाव पाठवण्याच्या काळात असे करणे अवघड होते; चूक एकदा छापली की ती कायमची राही. म्हणजे नव्या टुकारपटाची गोडी नासू शकते. आपण पाहत आहोत ती प्रत दुरुस्तीपूर्वीची की नंतरची, याची नोंद करणे म्हणूनच आवश्यक आहे.

सर्वांत जास्त वाद होतो तो जाणूनबुजून केलेल्या टुकारपणावर. अमेरिकी लेखिका सुझन सोन्टॅग यांनी १९६४ च्या ‘कॅम्प’वरील, म्हणजे अतिरेकी नाटकीपणाच्या रुचीवरील, आपल्या टिपणांत भाबडा आणि हेतुपूर्वक असा भेद करून भाबड्याला वरचा मान दिला होता. २०१३ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर आलेला ‘शार्कनेडो’ वावटळीतून मासे उडवतो तो आपण हसावे म्हणूनच, आणि तो विनोद २०१८ पर्यंत सहा चित्रपट ताणला गेला. हिमेश रेशमिया यांच्या २०२५ च्या ‘बॅडअ‍ॅस रवीकुमार’च्या जाहिरातीतच तर्क शोधू नका असे सुचवलेले होते. अशा चित्रपटांसाठी आमची कसोटी साधी आहे: विनोदाच्या जागी आधी कोण हसते, चित्रपट की आपण? चित्रपट आधी हसला तर ती जागा मोजायची नाही. ‘गुंडा’तील खलनायक यमक जुळवून आपली ओळख करून देतात, आणि त्यांत मराठी रंगभूमीवरून आलेले मोहन जोशीही पूर्ण गांभीर्याने सामील आहेत, कोणाच्याही चेहऱ्यावर मिश्कीलपणाची रेषा उमटत नाही. तेथे प्रत्येक जागा मोजावी लागते. त्याच चित्रपटात स्त्रियांवरील अत्याचाराचे प्रसंग ज्या थिल्लरपणे येतात, तेथे मात्र आमच्यापैकी कोणालाही हसू येत नाही. ती मिनिटे आम्ही गुणांतून सरळ कापतो. मजा येते म्हणून सगळेच माफ करण्याची प्रथा आम्हाला मान्य नाही.

हेतुपूर्वक केलेल्या चित्रपटांना बाद करण्याची घाई मात्र करू नये. एखाद्याने थट्टा करायची ठरवून चित्रपट काढला आणि मध्येच तो स्वतःच त्या नायकाच्या प्रेमात पडला, तर पुन्हा भाबडेपणा सुरू होतो, आणि असा सांधा सापडणे हा नव्या टुकारपटांतील सर्वांत मोठा आनंद आहे. तो दीड मिनिटाच्या तुकड्यात कधीच सापडत नाही. त्यासाठी पूर्ण चित्रपट, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, मध्यंतरासह पाहावा लागतो. मध्यंतराला आम्ही कडक भाकरी आणि शेंगा चटणी ठेवतो. कुरकुरीत काही ठेवल्यास संवाद ऐकू येत नाहीत असा एक आक्षेप आहे, पण तो आजवर बहुमताने फेटाळला गेला आहे.

क्रम ठरवताना जुना चित्रपट आधी लावू नये. आधी जुना पाहिला की नव्यावर लगेच ‘आता ती मजा राहिली नाही’ असा शिक्का बसतो. नवा आधी, जुना नंतर, आणि गुण दुसऱ्या दिवशी सकाळी, असे केल्यापासून आमच्याकडे नव्यांचे गुण वाढले आहेत.

सोलापूरकरांना आणखी एक सोय आहे, जी पुण्या-मुंबईच्या मंडळींना सहज मिळत नाही. पूर्व भागातील तेलुगूभाषक घरांमुळे तेलुगू चित्रपट आपल्याकडे परके नाहीत. २००३ च्या ‘पलनाटी ब्रह्मनायुडू’मध्ये नंदमुरी बाळकृष्ण यांच्या नुसत्या आविर्भावाने रेल्वेगाडी मागे सरकते, २०१९ च्या ‘विनय विधेय रामा’मध्ये रामचरण विमानतळावरून उडी घेऊन धावत्या गाडीच्या टपावर पोहोचतात आणि तसेच उभ्याने बिहार गाठतात. दोन्हीकडे गाडीच, दोन्हीकडे नायक गाडीपेक्षा मोठा. यापेक्षा चोख जोडी मिळणार नाही. ही जोडी लावली त्या रात्री आमच्या एका मित्राची आई सोबत होती. यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या या बाई जुनी गाडी मागे सरकताना अजिबात हसल्या नाहीत. नायकाने हुकूम सोडला तर गाडीने ऐकायलाच हवे, असा त्यांचा चेहरा होता. नव्या गाडीच्या वेळी मात्र त्यांनी मुलाला विचारले, ‘एवढा वेळ उभा आहे, तर याला वाटेत भूक लागली नाही का रे?’ वहीत त्या जागेपुढे ‘हात’ लिहावे की ‘निवड’, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.