ट्रकच्या गिअरबॉक्सचं तेल घरीच तपासताय? मग या चुका टाळा

गिअरबॉक्सचं तेल तपासायला मिस्त्री लागत नाही. दारात, स्वतःच्या हाताने होणारं काम आहे. पण सोपं म्हणून लोक ते घाईत उरकतात आणि पुढे तीच गाडी टोचन लावून वर्कशॉपला आणतात.

पहिली चूक मोबाईलमुळे होते. परदेशातल्या पिकअपचा व्हिडिओ बघायचा आणि आपल्या ट्रकखाली डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची कांडी, शोधत बसायचं. तिकडच्या ऑटोमॅटिक गाड्यांत पातळ, बहुतेक लाल रंगाचं तेल असतं आणि बऱ्याच गाड्यांत ते इंजिन चालू ठेवून बघतात. आपल्या साध्या गिअरच्या ट्रकला सहसा कांडी नसतेच. गिअरबॉक्सच्या बाजूला लेव्हल प्लग असतो. इंजिन बंद करून तो खोलायचा. तेल भोकाच्या खालच्या काठाला टेकलेलं हवं, एवढंच माप. लाल तेल आपल्याकडे दिसलं तर बहुधा पॉवर स्टेअरिंगच्या टाकीत. तिथला उरलेला डबा गिअरबॉक्समध्ये रिकामा करू नका.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक: चढावर गाडी लावून लेव्हल बघणं. खाली शिरायला जागा हवी म्हणून पुढची चाकं मातीच्या ढिगावर किंवा फळ्यांवर चढवतात. एका नव्या मालकाने तेच केलं. त्याच्या गिअरबॉक्सचा प्लग पुढच्या अंगाला होता. गाडीचं नाक वर, त्यामुळे तेल मागे सरकलेलं. प्लग खोलला तर भोक कोरडं. गड्याने भोकातून बाहेर येईपर्यंत तेल ओतलं, प्लग आवळला आणि होटगीकडून सिमेंट भरून तुळजापूरला निघाला. घाटात इंजिन ओरडतंय, गाडी काही चढेना.

मला फोन. "मिस्त्री, क्लचप्लेट डुप्लिकेट निघाली ओ, दुकानदाराने फसवलं." गाडी आणल्यावर खाली वाकून बघितलं, तर बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या कव्हरच्या, भोकातून तेल ठिबकत होतं. सपाटीवर लेव्हल प्लग सैल केला तशी तेलाची धारच लागली. घमेलं सरकवेपर्यंत बाही भिजली. तेल जास्त झालं की गिअरच्या दातऱ्या ते घुसळतात, फेस होतो, तापतं, आतला दाब वाढतो आणि मग सीलमधून वाट काढतं. इथे ते पुढच्या सीलमधून थेट क्लचवर गेलं होतं, म्हणून प्लेट घसरत होती. गिअरबॉक्स उतरवला, सील नवं, प्लेट नवी. दुकानदार बिचारा फुकट शिव्या खाऊन बसला.

ट्रकखाली आडवं होऊन शिरण्याएवढी जागा असतेच, उचलायचं कशाला? मी गवंड्याची स्पिरिट लेव्हल जमिनीवर उभी-आडवी ठेवून बघतो. पोरं हसतात. हसू देत. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावल्याशिवाय मात्र मी कुणालाही खाली जाऊ देत नाही, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर नाहीच.

बोट घालून बघणाऱ्यांचं वेगळंच. "बोटाला लागलं की बे!" अरे, बोट वाकवून आत दोन पेरं घातलंस, तर खाली गेलेलं तेलही लागेल. लागलं का हे बघायचं नाही, किती खाली लागलं ते बघायचं. माझ्याकडे सायकलचा स्पोक काटकोनात वाकवून ठेवलेला आहे. तो भोकात घातला की काठापासून तेल किती खाली आहे ते स्वच्छ दिसतं.

गाडी रस्त्यावरून आली की लगेच प्लग खोलू नका. तेल दातऱ्यांवर चढलेलं असतं, लेव्हल कमी दिसते, वर हात भाजतो. चहा घेऊन या.

प्लगभोवतीची वाळलेली काळी माती वायरब्रशने आणि डिझेलच्या फडक्याने काढल्याशिवाय पाना लावू नका, नाहीतर तीच माती आत जाते.

तेल बदलायचं असेल तर आधी वरचा, तेल भरायचा प्लग खोला, मगच खालचा, तेल काढायचा ड्रेन प्लग. खालून सगळं सांडलं आणि वरचा जाम निघाला, तर गाडी तिथेच उभी.

"गिअर ऑइल द्या" एवढंच सांगून डबा आणणारेही खूप. ८०डब्ल्यू-९० हा नुसता तेलाच्या जाडीचा आकडा, तो लिहिला म्हणजे सगळे डबे सारखे नसतात. तेलाचा दर्जा जीएल-४ की जीएल-५ ते बघा. जीएल-५ बहुतेक मागच्या एक्सलच्या हाउसिंगसाठी, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या क्राऊन-पिनियनच्या दातऱ्यांसाठी. त्यातली काही रसायनं गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगा (गिअर अलगद बसवणाऱ्या कड्या) खातात आणि मग गिअर टाकताना करकर सुरू होते. काही गिअरबॉक्सना तर कंपनीच इंजिन ऑइल सांगते. म्हणून मालकाचं पुस्तक उघडा. सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत कोरंच्या कोरं पडलेलं असतं ते.

सील बदलूनही गळती थांबत नसेल तर ब्रीदर, म्हणजे गिअरबॉक्सची हवा सोडायची तोटी, साफ करा. चिखलाने तो बुजला की दाब सीलवरच येतो. पुरातून गाडी काढली असेल तर ब्रीदरमधून पाणीही आत जातं. तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर वरून भर घालू नका, सगळं काढा.

ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, मऊ लेप दिसला तर घाबरू नका, तेवढी झीज चालते. नखाला टोचेल असा तुकडा निघाला तर मात्र नवं तेल भरून भाडं मारायला जाऊ नका. गाडी रिकामी करून मिस्त्रीकडे आणा आणि तो तुकडा कागदात बांधून सोबत ठेवा. कुठल्या दातरीचा आहे ते त्यावरून कळतं.