कसारा घाट उतरण्याआधी ब्रेक ऑइल बघा

जुनी स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएस किंवा तशीच दमदार गाडी असेल, तर मोठ्या ब्रेक डिस्कवर लगेच पैसे घालू नका. नाशिकहून मुंबईला जाताना कसारा घाटात पेडल मऊ पडू लागलं, तर आधी संशय ब्रेक ऑइलवर घ्या. ते हवेतला ओलावा शोषतं. मानकानुसार डॉट 4 दर्जाचं ऑइल कोरं असताना किमान 230 अंश सेल्सियसला उकळतं, ओलावा मुरल्यावर ही मर्यादा 155 वर येते. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, पाय दाबला की तेच दबतात आणि पेडल थेट खाली जातं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलाच. डॉट 5 मात्र चुकूनही नको, ते सिलिकॉनचं असतं, डॉट 4 शी जुळत नाही. ब्रेकचे रबरी होज (नळ्या) फुगले असतील तर तेही बदला, चांगले पॅड टाका. मग डिस्क, पण मोठा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तुमच्या अलॉय व्हीलमध्ये मावतो का, ते आधी मोजून घ्या.