ऑनलाइन रेसमध्ये आत घालण्याआधी आणि धडकल्यानंतर

हे सिम रेसिंगबद्दल आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर व्हील-पेडल लावून खेळायच्या कार रेसबद्दल. व्हील कसं बसवावं, पेडल कोणते घ्यावेत, हे इथे नाही. तुम्हाला ट्रॅक पाठ आहे आणि गाडी गवतात न घालता सलग दहा लॅप मारता येतात, असं धरून लिहितोय. ते जमत नसेल तर आधी एकट्याने सराव करा. बाकीचे वीस-पंचवीस जण दिवसभराची कामं उरकून तासभर मोकळा काढून आलेले असतात. त्यांच्या गाड्यांवर सराव करू नका.

१. स्पॉटर, म्हणजे आजूबाजूच्या गाड्यांची सूचना देणारा आवाज, चालू ठेवा. एका मॉनिटरवर शेजारची गाडी दिसत नाही, आणि न दिसलेल्या गाडीला ठोकलं तरी चूक तुमचीच. क्रू चीफ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, बाजूला कोणी आलं की कानात सांगतं.

२. पहिल्या लॅपला ब्रेक लवकर लावा. टायर थंड असतात. शिवाय रांगेतल्या पहिल्याने दहा मीटर आधी ब्रेक लावला, तर त्याच्या मागच्याला पंधरा आणि त्याच्याही मागच्याला वीस मीटर आधी लावावा लागतो.

३. आत घालायची की नाही, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूने पुढे जायचं की नाही, ते ठरवा. सगळी भांडणं इथे होतात. मीही पहिली दोन वर्षं इथेच चुकत होतो, आणि चुकतोय हे मला कळत नव्हतं.

नेहमी ऐकू येणारे दोन सल्ले आधी बाजूला काढतो. पहिला, 'मागून ठोकलं म्हणजे मागच्याची चूक.' हा रस्त्यावरच्या अपघाताचा हिशेब झाला. ट्रॅकवर पुढच्याने ब्रेक लावता लावता तुमच्या पुढ्यात कट मारला, तर मागून ठोकूनही चूक त्याची. दुसरा, 'फट दिसली की घुसायचं, नाहीतर रेसर कसले?' हे फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर आयर्टन सेना याच्या नावावर सांगितलं जातं. १९९० साली जपानमधल्या सुझुका ट्रॅकच्या पहिल्याच वळणावर सेना त्याचा प्रतिस्पर्धी प्रॉस्टवर आदळला, दोघेही बाहेर गेले. त्यानंतर माजी ड्रायव्हर जॅकी स्टुअर्टने मुलाखतीत जाब विचारला, तेव्हा सेना तसं बोलला होता. पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, त्याने स्वतः कबूल केलं की त्या वळणावर माघार घ्यायची नाही हे त्याने आधीच ठरवलं होतं. त्या बचावाला कृपा करून नियम समजू नका.

मी पाळतो तो नियम असा: वळण कोणाचं, हे स्टिअरिंग फिरायच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे. पुढचा वळायला सुरुवात करतो त्या क्षणी तुमचं पुढचं चाक निदान त्याच्या आरशाच्या बरोबरीला असेल, तर आतली जागा तुमची. नसेल तर वळण त्याचं, तुम्ही मागे राहायचं.

मोटर रेसिंगची जागतिक संघटना एफआयए हिने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या फॉर्म्युला वनच्या सूचनांमध्ये आतून जाणाऱ्याचा पुढचा अ‍ॅक्सल एपेक्सच्या (वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूच्या) आधी आणि एपेक्सला समोरच्याच्या आरशाच्या बरोबरीला हवा, असं म्हटलंय. गाडी पूर्ण ताब्यात हवी, झेप घेऊन आत शिरलेली नको, असंही म्हटलंय. लोक त्यातला 'एपेक्स' तेवढा उचलतात आणि बाकीचं सोडून देतात. ब्रेक उशिरा दाबला की एपेक्सला कोणीही बरोबरीला पोचतो. तोवर पुढचा वळायला लागलेला असतो आणि तुम्ही त्याला दिसलेलेच नसता.

त्यात इंटरनेट. तुमच्या स्क्रीनवर त्याची गाडी दिसते ती तिची नेमकी जागा नव्हे. शेवटच्या आलेल्या माहितीवरून सिमने बांधलेला तो अंदाज असतो. सरळ रस्त्यावर हा अंदाज बरोबर येतो, पण समोरचा ब्रेक दाबतो त्या क्षणी तो चुकतो, आणि आत घालण्याची वेळ नेमकी तीच. ताशी २५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात सात मीटर जाते, म्हणजे जीटी३ वर्गातल्या रेसच्या गाडीच्या साधारण दीडपट लांबी. पुण्याहून युरोपातल्या सर्व्हरवर खेळताना तेवढा उशीर मला रोजचाच आहे. म्हणून फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर जेवढी जवळीक करतात, तेवढी आपण करायची नाही.

हे मला सिममधल्या मोन्झात, म्हणजे इटलीतल्या ट्रॅकवर, कळलं. सरळ पट्ट्याच्या शेवटी पहिली शिकेन येते, म्हणजे आधी उजवं वळण आणि लगेच डावं. मी आतून घातली, एपेक्सला त्याच्या आरशापर्यंत पोचलो, तो आत वळला आणि दोघंही फिरलो. मी तावातावाने प्रोटेस्ट केला. लीगच्या स्टीवर्डनी, म्हणजे पंचांनी, दंड मलाच दिला. आठवडाभर मी चिडलेला होतो. मग माझाच सरावाचा लॅप आणि रेसचा लॅप शेजारी लावून पाहिला. सरावात जिथे ब्रेक लावायचो, त्याच्या पंधरा मीटर पुढे जाऊन मी तो लावला होता. समोर कोणी नसतं तरी ती गाडी त्या वळणात मावली नसती.

तेव्हापासून आत घालण्याआधी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: तो नसता, तर या वेगाने मी हे वळण घेतलं असतं का? उत्तर 'नाही' असेल तर ब्रेक आताच, नेहमीच्या खुणेवर. जागा पुढच्या लॅपलाही मिळेल.

शिकेनमध्ये आणखी एक लक्षात ठेवा. उजव्या वळणाची आतली बाजू ही डाव्या वळणाची बाहेरची बाजू. पहिलं वळण तुम्ही रीतसर मिळवलंत तरी दुसऱ्यात आतली जागा त्याची आहे, एका गाडीएवढी रुंदी सोडावीच लागते.

आणि डिपर. हायवेवर मागून डिपर मारला की पुढच्याने साइड द्यावी, अशी आपल्याला सवय असते. ट्रॅकवर डिपरचा अर्थ 'मी मागे आहे' एवढाच. त्याने वळणावर तुमचा हक्क लागत नाही.

४. जागा राखताना बाजू एकदाच बदला. ब्रेकिंगच्या आधी, तो बरोबरीला यायच्या आत. परत रेसिंग लाइनवर (वळणातून जायच्या सगळ्यात वेगवान मार्गावर) येताना कडेला एका गाडीची जागा ठेवा. एफआयएच्या नियमांतही हेच आहे.

५. गाडी फिरली तर ब्रेक दाबून धरा आणि सगळे जाईपर्यंत ट्रॅकवर येऊ नका.

६. निळा झेंडा दिसला, म्हणजे लॅपने पुढे असलेला कोणी मागून आला, तर लाइन सोडू नका. सरळ पट्ट्यावर थोडा पाय काढा, तो जाईल.

७. धडक झाली तर रिप्ले रेस संपल्यावर बघा. स्क्रीनवर येणाऱ्या धडकेच्या पॉइंटवरून काही ठरवू नका. आयरेसिंग या सिममध्ये जोरात धडकल्यावर दोघांनाही ४ पॉइंट लागतात, चूक कोणाची हे ती यंत्रणा बघतच नाही. तुमच्यावर पॉइंट आले म्हणून तुम्ही दोषी नाही, आणि त्याच्यावर आले म्हणून तोही नाही.

रिप्ले दहा सेकंद मागे न्या आणि पहिल्यांदा त्याच्या कॉकपिटमधून बघा. स्वतःच्या कॉकपिटमधून बघितलं की आपण नेहमी बरोबर असतो. त्याचं स्टिअरिंग हलायला लागतं त्या फ्रेमला थांबा आणि वरून बघा: तुमचं पुढचं चाक कुठे आहे? मग तुमची ब्रेकची खूण सरावाच्या खुणेशी ताडून बघा. या दोन गोष्टींत बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

तरीही मेळ लागत नसेल तर त्याच्याकडे त्याची क्लिप मागा. तुमच्या मशीनवरचा रिप्ले तुमच्या मशीनला जे दिसलं तेच दाखवतो. तुमच्याकडे आदळलेल्या गाड्यांमध्ये त्याच्याकडे हातभर अंतर असू शकतं. तसं निघालं तर कोणाचीच चूक नाही, विषय तिथेच संपवा.

८. चूक तुमची असेल आणि दोघं अजून धावत असाल, तर सुरक्षित जागी वेग कमी करून त्याला पुढे जाऊ द्या. संपल्यावर दोन शब्दांत माफी मागा, पिंगचं, म्हणजे इंटरनेटच्या उशिराचं, कारण पुढे करू नका. चूक त्याची असेल तर चॅटवर काहीही लिहू नका. रिपोर्टमध्ये लॅप, वळण, रिप्लेची वेळ लिहा, तो वळायला लागला तेव्हा कोणाचं चाक कुठे होतं ते एका वाक्यात लिहा, आणि पाठवून द्या.