जपानी हिमचित्रे पाहताना या चुका टाळा

लाकडी ठशांच्या जपानी चित्रांत बर्फ दिसला की आपण पांढरा रंग शोधू लागतो. सगळ्यात मोठी चूक हीच. चित्रकार हिरोशिगे (१७९७–१८५८) असो की कावासे हासुई (१८८३–१९५७), त्यांचा बर्फ म्हणजे बहुतेक ठिकाणी कोरा राखलेला कागद. पडणारा एक कण पांढरा ठेवायचा, तर त्या जागी येणाऱ्या प्रत्येक रंगाच्या ठशातून तेवढा ठिपका कोरून काढावा लागतो. टोकियोतल्या झोजोजी मंदिराच्या हासुईंच्या १९२५च्या चित्रात लाल महाद्वारापुढून छत्री घेतलेली बाई वाऱ्याला अंग चोरून चालली आहे. तिच्याकडे नंतर बघा, आधी ती हिमवृष्टी बघा. कोरणाऱ्याचे कसब तिथे आहे.

म्हणूनच चित्राचे सगळे श्रेय एकट्या चित्रकाराला देऊ नका. कोरणारा, छापणारा आणि प्रकाशक यांच्याशिवाय ते होतच नाही. १९५३ साली हासुईंनी झोजोजीचा बर्फ पुन्हा रेखाटला, तेव्हा एकेका प्रतीच्या कागदावर ४२ वेळा ठसे उमटवले गेले.

खरी प्रत समोर असेल तर थेट समोरच्या झगझगीत दिव्यात पाहू नका. बाजूने तिरपा, मंद उजेड येऊ द्या. शाई न लावता नुसते दाबून उठवलेले उठाव असतील, तर ते तेव्हाच दिसतात. मोबाइलवर ते कधीच कळणार नाहीत.

हिरोशिगेचे कानबारा गावातल्या बर्फाळ रात्रीचे चित्र पाहून ‘तिथे हिवाळा असाच असतो’ असे समजू नका. ते गाव सुरुगा उपसागराच्या उबदार किनाऱ्यावर आहे, एवढा बर्फ तिथे क्वचितच पडतो. ती रात्र त्याने मनातून उभी केली, आणि मला ती त्यामुळेच अधिक प्रिय आहे.

देवस्थानांची गल्लतही नेहमीची. तोरी नावाची कमान दिसली तर बहुधा शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचे, देवस्थान. नावाच्या शेवटी ‘जी’ असेल तर बौद्ध मंदिर. हासुईंच्या शेवटच्या, १९५७च्या चित्रात एक भिक्षू बर्फातून हिराइझुमी गावच्या सुवर्णमंदिराकडे चढतो आहे. त्यात सोने शोधू नका. ११२४चे ते मंदिर रक्षणासाठी बांधलेल्या दुसऱ्या वास्तूच्या आत आहे. चित्रात दिसते ती बाहेरची वास्तू.

घरच्या प्रतीतला बर्फ पिवळट झाला असेल तर रंग उडालेला नाही, कागद पिवळा पडलाय. पुसू नका, कागदाच्या जाणकार संवर्धकाला दाखवा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर ती टांगू नका, आणि काच कागदाला चिकटू देऊ नका.